‘आधी पेपर, मग बघू’ म्हणणाऱ्या सरांना काय विचारायचं?

ताई, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कोल्हापुरात एमएस्सी आणि आता पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीचं पाचवं वर्ष. क्षयरोगाचे जीवाणू मॅक्रोफेज पेशींच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींच्या, आत कसे तग धरतात, हा माझा विषय. फेलोशिपचे आठ महिने उरलेत. पेपर लिहून व्हायचा आहे आणि थीसिसचं एकही प्रकरण झालेलं नाही.

सर वाईट नाहीत. कधी आवाज चढवत नाहीत, कुणाचं श्रेय घेत नाहीत. पण ते कायम ग्रँट आणि कमिट्यांच्या मागे असतात. महिन्यातून एकदा भेट झाली तर झाली, तीही फक्त डेटापुरती. ‘सर, पुढे काय करू?’ असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘आधी पेपर होऊ दे, मग बघू.’ लॅबमधले सगळे पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, परदेशी निघालेत. मला ते हवंय की नको, हेच कळत नाही. कॉन्फरन्समध्ये इंग्रजीत प्रश्न विचारायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. शेजारच्या लॅबमधल्या मॅडमशी बोलावंसं वाटतं, पण ते सरांच्या पाठीमागे केल्यासारखं होईल ना? घरून रोज फोन येतो, अजून किती वर्षं शिकणार? हल्ली पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. मला मेंटॉर मिळालाच नाही, असं वाटत राहतं. तो शोधायचा कसा?

पाचव्या वर्षात अडकलेली

प्रिय मुली,

शेजारच्या लॅबमधल्या मॅडमना याच आठवड्यात भेट. त्यात सरांच्या पाठीमागे असं काही नाही. सीमा एकच पाळायची. जो डेटा अजून छापून आलेला नाही तो लॅबचा आहे, तो सरांना विचारल्याशिवाय कुणालाही दाखवायचा नाही, भिंतीपलीकडच्या लॅबलाही नाही. पण पीएचडीनंतर तू काय करणार, हा तुझा विषय आहे आणि तो तू हव्या त्या माणसाशी बोलू शकतेस. मनाला फारच खात असेल तर सरांना आधी सांगून टाक, ‘सर, पुढच्या वाटांबद्दल मी मॅडमशीही बोलणार आहे.’ बहुतेक गाइडना हे ऐकून बरंच वाटतं. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याजवळ नाही, हे त्यांना ठाऊक असतं, फक्त ते विद्यार्थ्यासमोर बोलून दाखवणं जड जातं.

सर टाळाटाळ करताहेत, असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. त्यांच्या पिढीतले बहुतेक जण एकाच वाटेने आले. पीएचडी, परदेशात पोस्टडॉक, एक-दोन चांगले पेपर, मग भारतात संस्थेत जागा. त्या वाटेवर प्रत्येक दार पेपरनेच उघडलं, म्हणून ते तुला पेपर सांगतात. त्यांनी औषध कंपनीसाठी सीव्ही कधी लिहिलेला नसतो, पेटंटच्या कामाची मुलाखत दिलेली नसते. जे माहीत आहे ते ते प्रामाणिकपणे सांगताहेत. त्यांच्याकडून हवं ते सगळं मिळेल ही अपेक्षा तेवढी सोडायला हवी. खेड्यातली आहेस, एका विहिरीवर सगळं शिवार भिजवू पाहणाऱ्याचं काय होतं ते तू पाहिलेलं असशील.

आपल्याकडे गुरू म्हटला की एकच, आणि त्याच्यापलीकडे पाहणं म्हणजे कृतघ्नपणा, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. जीववैद्यकीय संशोधनात तरी हे कधीच खरं नव्हतं. कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांचं उदाहरण घे. १९१७ मध्ये पुण्यात जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण आणि मग एमएस्सीचं काम कशावर, तर सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाच्या कामाला लागल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली. खानोलकर हे भारतातल्या विकृतिशास्त्रातलं (पॅथॉलॉजीतलं) तेव्हाचं सर्वात मोठं नाव. इतक्या जाणत्या शिष्येला ते आपल्याजवळ ठेवू शकले असते. त्यांनी तिला अमेरिकेतल्या फेलोशिपसाठी प्रोत्साहन दिलं. ती गेली बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे. हीला पेशी (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी) पहिल्यांदा वाढवल्या गेल्या ती हीच प्रयोगशाळा. ऊतीसंवर्धनाचं, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं, तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पुढे १९७३ मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या संस्थापकांतही त्या होत्या. ही संघटना आजही वाशीत काम करते, तिथे जाऊन माणसं भेटता येतात.

यातून तू दोन गोष्टी घ्याव्यास असं मला वाटतं. त्यांच्या एमएस्सीचा विषय त्यांच्या आयुष्याचा विषय ठरला नाही, म्हणजे मॅक्रोफेज हाच तुझाही विषय ठरायला हवा असं नाही. आणि खानोलकरांसारख्या गाइडनेही आपल्या विद्यार्थिनीला आणखी कुणाकडे तरी शिकायला धाडलं. तुझे सर ते स्वतः सुचवणार नाहीत कदाचित. मग तू विचार.

आता सरांबद्दल. ‘पुढे काय करू?’ हा प्रश्न त्यांना पुन्हा विचारू नकोस. तो इतका मोठा आहे की कुठलाही कामात बुडालेला माणूस त्याला ‘मग बघू’ असंच म्हणेल. त्यांना मेल करून अर्धा तास माग आणि त्यातच लिही, ‘सर, या भेटीत डेटा दाखवणार नाही. पुढच्या आठ महिन्यांचं वेळापत्रक ठरवायचं आहे.’ सोबत एका पानाचा कागद जोड. पेपरमध्ये किती आकृत्या धरल्या आहेत, त्यातल्या कुठल्या पक्क्या झाल्या, कुठल्या प्रयोगाचं एखादं पुनरावर्तन बाकी आहे, तो प्रयोग फसला तर पेपर त्याच्याशिवाय उभा राहतो का, सिनॉप्सिस (थीसिसचा सारांश) कुठल्या महिन्यात द्यायचा. प्रत्येक ओळीसमोर तारीख घाल. तारीख चुकीची असली तरी चालेल, ते दुरुस्त करतील. रिकामी जागा मात्र कुणी भरून देत नाही. भेट झाली की त्याच संध्याकाळी जे ठरलं ते चार ओळींत मेलने कळव. पाचव्या वर्षातली निम्मी भांडणं ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ यावरून होतात आणि ती या चार ओळींनी टळतात.

‘आधी पेपर’ हा नियम आहे की सरांची इच्छा, हे मात्र तुझं तूच शोध. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत थीसिस सादर करण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांमधली दोन सादरीकरणं सक्तीची होती. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत ही सक्ती उरलेली नाही, पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. तुला कुठले नियम लागू आहेत, हे तुझी नोंदणी कोणत्या तारखेची आहे यावर ठरतं. विद्यापीठाचा अध्यादेश काढ, स्वतः वाच, मग पीएचडी सेक्शनमधल्या कर्मचाऱ्यांशी बोल. लॅबमधले सीनियर जे सांगतात त्यातलं बरंच त्यांच्या वेळचं असतं. पेपर लांबणार असं दिसलं तर सरांच्या संमतीने तो बायोआरकाइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा मसुदा, म्हणून टाकता येतो का, हेही विचार. अर्जासोबत दाखवायला हाताशी काही तरी राहतं.

त्या वेळापत्रकात पैशांचं पान घालायला विसरू नकोस. बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला (जेआरएफ) महिना ३७,००० आणि सीनियर रिसर्च फेलोला (एसआरएफ) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पाच वर्षं झाली की ही रक्कम थांबते, थीसिस झालेला असो वा नसो. ‘फेलोशिप संपली, थीसिस राहिला’ ही अवस्था दर संस्थेत दर वर्षी कुणाच्या तरी वाट्याला येते आणि दर वेळी ती अचानक आल्यासारखी वागवली जाते. तू आजच विचारून ठेव. संस्थेत मुदतवाढीची सोय आहे का? सरांच्या एखाद्या प्रकल्पात जागा आहे का? हॉस्टेल किती महिने ठेवता येईल? आठ महिने आधी विचारलं तर उत्तर मिळवायला वेळ असतो. शेवटच्या महिन्यात विचारणाऱ्यावर हातउसने पैसे घ्यायची पाळी येते. पीएचडी झाल्यावर रिसर्च असोसिएटची पहिली पायरी ५८,००० रुपयांची आहे. तेव्हा सबमिशन एकेक महिना पुढे जातं, त्याची किंमत तुझ्या खिशातून जाते. हा आकडा सरांसमोर मांडायला लाजू नकोस.

तुला वाटतं तितकी तू एकटी नाहीस, कारण तुझी संशोधन सल्लागार समिती आहे. तुम्ही तिला आरएसी म्हणत असाल. दर सहा महिन्यांनी विद्यार्थ्याने तिच्यासमोर प्रगती मांडायची, असा नियमच आहे. बहुतेक ठिकाणी ही बैठक परीक्षेसारखी उरकली जाते. स्लाइड दाखवायच्या, दोन प्रश्न, सह्या, चहा. पण त्या समितीत सरांव्यतिरिक्त निदान दोन शास्त्रज्ञ असतात ज्यांनी तुझं काम पहिल्या वर्षापासून पाहिलंय. तुझी अडचण समजून घ्यायला त्यांना नव्याने काही वाचावं लागत नाही. पुढच्या बैठकीत शेवटची स्लाइड डेटाची नको, वेळापत्रकाची ठेव. ‘मार्चपर्यंत सबमिशनसाठी यातलं काय गाळता येईल?’ असं समितीसमोर थेट विचार. गाइड जे एकट्याने ठरवायला कचरतात ते समितीने म्हटलं की त्यांनाही सोपं होतं. आणि बैठकीनंतर त्यातल्या एका सदस्याला स्वतंत्र भेट. हे करायला तुला कुणाची परवानगी लागत नाही.

तरी सगळ्यात उपयोगाची माणसं वेगळीच असतात. तुझ्याहून तीन-चार वर्षं पुढे असलेली. तीस वर्षांपूर्वी नोकरी मिळवलेल्या प्राध्यापकाला आजच्या नोकऱ्यांचं चित्र दिसत नाही. तुझ्याच लॅबमधून, तुझ्याच संस्थेतून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्या लोकांची यादी कर आणि ते कुठे आहेत ते शोध. त्यांना साधं पत्र लिही, ‘मी अमुक लॅबमध्ये पाचव्या वर्षात आहे. तुम्ही इथून पीएचडी करून बायोसिमिलरच्या (जैविक औषधांच्या समतुल्य प्रतींच्या) कामाला गेलात, असं कळलं. त्याबद्दल तीन प्रश्न विचारायचे आहेत. वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? नोकरी मागायला लिहीत नाहीये.’ पाचांतले दोन उत्तर देतील. ते पुरेत. फोनवर ‘मी काय करू?’ असं विचारायचं नाही. विचारायचं, ‘तुमचा परवाचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगाल?’ त्या उत्तरात नोकरी खरी कशी आहे ते कळतं. दिवसभर टाइप करणं आहे, माणसांशी बोलणं आहे, यंत्रासमोर उभं राहणं आहे की सोळा बैठका आहेत. मग स्वतःला विचार, असा दिवस मला चालेल का? पगार, पदनाम, परदेश हे सगळं त्यानंतर.

पोस्टडॉकबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या लॅबमध्ये ते पुढच्या इयत्तेसारखं धरलेलं दिसतंय. स्वतःची लॅब काढायची असेल तर पोस्टडॉक लागतं. एखादं तंत्र शिकायचं असेल, जसं रणदिवेबाईंना शिकायचं होतं, तर तो उत्तम मार्ग आहे. पण ‘काय करावं सुचत नाही म्हणून पोस्टडॉक’ हे मी अनेकांना महागात पडलेलं पाहिलंय. तिथे तीन-चार वर्षं जातात आणि परत आल्यावर तोच प्रश्न वाढलेल्या वयाने समोर उभा राहतो. जायचं ठरलंच तर तिथल्या प्रमुखाला मुलाखतीत विचार, तुमच्याकडचे मागचे पाच पोस्टडॉक आज कुठे आहेत? माझा पगार कुठल्या ग्रँटमधून आणि ती कधी संपते? निघताना मी प्रकल्पाचा काही भाग सोबत नेऊ शकेन का? ग्रँटचा प्रश्न तर आता टाळूच नकोस. अमेरिकेत २०२५ पासून एनआयएचच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या, अनुदानांना कात्री लागली आणि अनेक लॅबनी नव्या नेमणुका थांबवल्या. प्रमुखाशी बोलून झालं की त्या लॅबमधल्या एखाद्या पोस्टडॉकशीही स्वतंत्र बोल. तिथे कुणी मराठी, निदान भारतीय असेल तर फारच बरं. माणसं आपल्या भाषेत खरं बोलतात.

भारतात राहून पोस्टडॉक करण्यात कमीपणा नाही. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची आहे. ती पूर्वी विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे (एसईआरबी) होती, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे. वयाची अट ३५ ची, स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सूट. जीववैद्यकीय क्षेत्रासाठी मोठी सोय म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधला वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स. २००८-०९ पासून ती चालू आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या एकूण १,५०० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. तिच्या सुरुवातीच्या फेलोशिपसाठी पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यापासूनच अर्ज करता येत आलाय. नव्या फेरीच्या अटी तेवढ्या नीट वाचून घे. या अर्जात तुला स्वतःचा प्रश्न मांडावा लागतो, सरांच्या प्रश्नाचा तुकडा चालत नाही. फेलोशिप मिळाली नाही तरी तो प्रश्न लिहून काढण्याची दोन महिन्यांची मेहनत तुला सांगेल की तुला संशोधक व्हायचंय की नाही. माझ्या मते हे शोधायचा याहून खात्रीचा उपाय नाही. पुढे पोस्टडॉक झालीस आणि प्राध्यापकीकडे वळायचं ठरलं, तर जीवशास्त्रज्ञांना जोडणाऱ्या इंडियाबायोसायन्स या संस्थेची यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग लक्षात ठेव. २००९ पासून भरते. तरुण प्राध्यापक, नोकरी शोधणारे पोस्टडॉक आणि अनुभवी शास्त्रज्ञ चार दिवस एकत्र राहतात, एकत्र जेवतात.

कंपनीत जायचं असेल तर तुझ्याजवळ काय आहे ते तुला ठाऊकच नाही, असं पत्र वाचताना वाटलं. तू विषय सांगितलास, हातांचं काम सांगितलं नाहीस. मॅक्रोफेजवर पाच वर्षं काम केलेल्या मुलीला प्राथमिक पेशी वाढवता येतात, फ्लो सायटोमेट्री येते, एलायझा येतो, जंतूंसोबत सुरक्षित काम करण्याची शिस्त येते. लशी आणि बायोसिमिलर बनवणाऱ्यांना नेमकं हेच लागतं, कारण प्रत्येक बॅचचा प्रभाव पेशींवर तपासावा लागतो. त्याला ते बायोअ‍ॅसे म्हणतात. पुणे-मुंबई पट्ट्यात आणि हैदराबाद-बंगळुरूत ही कामं आहेत. सीव्हीच्या पहिल्या अर्ध्या पानावर थीसिसचं शीर्षक नको, ही तंत्रं हवीत, प्रत्येकासमोर किती वर्षं आणि कशासाठी. मुलाखतीला जाण्याआधी जीएमपी (उत्पादनाचे) आणि जीएलपी (प्रयोगशाळेचे) हे गुणवत्तेचे नियम काय आहेत ते वाचून जा. लॅबमध्ये आपण वहीत नंतर लिहू म्हणतो, तिथे ते चालत नाही. ही सवय आतापासूनच लाव, पेपरलाही उपयोगी पडेल.

पेटंटचं काम, वैद्यकीय लेखन, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारं फार्माकोव्हिजिलन्स, क्लिनिकल ट्रायलचं व्यवस्थापन याही वाटा आहेत. पेटंटकडे ओढ वाटली तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं स्त्री-वैज्ञानिकांसाठी बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण आहे, पूर्वी त्याला डब्ल्यूओएस-सी म्हणत. कल्पना स्वतःची असेल आणि कंपनी काढायची असेल तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं, नव्या कंपन्यांना आधार देणारं व्हेंचर सेंटर पुण्यातच आहे आणि बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं. पण तुझ्या पत्रात त्याची ओढ दिसली नाही, म्हणून इथे थांबते.

प्राध्यापकीचं मात्र स्पष्ट सांगते. आपल्या राज्यात सेट-नेट-पीएचडी होऊन वर्षानुवर्षं सीएचबीवर तासांच्या हिशेबाने राबणारी कितीतरी गुणी माणसं आहेत. शिकवण्याची खरी आवड असेल तर त्या वाटेला जरूर जा, पण पूर्णवेळ जागा निघेपर्यंत घर कसं चालणार याचं उत्तर हातात असल्याशिवाय जाऊ नकोस. घरच्यांना ‘प्राध्यापक’ ऐकायला आवडतं, एवढं कारण पुरेसं नाही.

इंग्रजीचं. कॉन्फरन्समध्ये प्रश्न विचारताना सगळ्यांचाच घसा कोरडा पडतो, इंग्रजी माध्यमवाल्यांचाही. ते फक्त लपवायला शिकलेले असतात. पुढच्या सेमिनारला वहीत एक प्रश्न पूर्ण वाक्यात लिहून काढ आणि वाचून विचार. वाचून विचारण्यात लाज कसली? भाषणानंतर वक्त्याला गाठून विचारलास तरी चालेल, बरेचदा ओळख तिथेच होते. आणि पेपरची प्रस्तावना अडली असेल तर आधी मराठीत लिही. विचार अडलाय की इंग्रजी अडलंय ते लगेच कळतं. तुझ्या बाबतीत विचार अडलेला नाही, हे तुझं पत्रच सांगतंय. मॅक्रोफेजवर मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेला एखादा लेख पाठवून बघ. वैद्यकीय लेखनाच्या नोकरीला अर्ज केलास तर नमुना म्हणून तोही दाखवता येईल.

घरचे ‘किती वर्षं?’ विचारतात कारण त्यांना कुणी आकडा दिलेला नाही. ‘चाललंय’ हे उत्तर ऐकून त्यांची काळजी वाढतेच. सरांसोबत जे वेळापत्रक ठरेल ते त्यांना सांग. सिनॉप्सिस अमुक महिन्यात, थीसिस अमुक महिन्यात, त्यानंतर परीक्षकांचे अहवाल यायला काही महिने, मग तोंडी परीक्षा. लग्नाचा विषय निघत असेल, आणि तो निघतच असणार, तर याच तारखांच्या आधारे बोल. सुट्टीत आई-वडिलांना एकदा संस्थेत घेऊन ये, तुझं टेबल दाखव, मॅडमशी भेट घालून दे. पाच वर्षं मुलगी नेमकं काय करते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं.

पहाटे तीनची जाग मात्र अंगावर काढू नकोस. २०१८ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजीत एक पाहणी आली होती. तीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सहापट आढळलं होतं. हा तुझ्या स्वभावातला कच्चेपणा नाही. झोप दोन आठवड्यांपेक्षा जास्त मोडलेली असेल तर संस्थेच्या समुपदेशकाकडे जा, नसेल तर डॉक्टरकडे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मेंटॉर, सीव्ही, पोस्टडॉक या सगळ्याच्या आधी हे कर.

शेवटचं, शिफारसपत्रांचं, कारण त्याची आठवण सगळ्यांना अर्जाच्या आदल्या आठवड्यात होते. तू यातली कुठलीही वाट धरलीस तरी तीन नावं लागणार. सरांचं पत्र लागणारच, ते गाळता येत नाही. म्हणून त्यांच्याशी संबंध नीट ठेव आणि त्यांना लिहायला सोपं जाईल असा एका पानाचा मजकूर तूच तयार करून दे, लॅबमध्ये तू काय उभं केलंस, कुणाला शिकवलंस, कुठला अडलेला प्रयोग सोडवलास. उरलेली दोन पत्रं तुला ओळखणाऱ्यांकडून यायला हवीत. मोठ्या नावाचं पण ‘ही विद्यार्थिनी मेहनती आहे’ एवढंच सांगणारं पत्र कुणाच्याच कामाचं नसतं. त्यातलं एक आरएसीच्या त्या सदस्याकडून येऊ शकतं, दुसरं शेजारच्या मॅडमकडून. आठ महिन्यांनी त्यांनी तुझ्याबद्दल मनापासून चार ओळी लिहाव्यात असं वाटत असेल, तर त्यांना आतापासून दर महिन्याला पाच मिनिटं भेट. काय झालं, काय अडलं, त्यांनी मागे सुचवलेलं करून पाहिलं का, एवढं सांग. आणि पहिल्या भेटीला जाताना ते वेळापत्रकाचं पान सोबत ने, कच्चं असलं तरी.